शेजारच्या घरचा नाताळ

आमचे गाव शिरोली. कोल्हापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की पंचगंगेचा पूल ओलांडताच शिरोली येते. पुलाजवळचे गाव, म्हणून पुलाची शिरोली. सांगलीचा फाटा इथेच फुटतो. गावाला लागून औद्योगिक वसाहत आहे. तिला सगळे एमआयडीसी म्हणतात. तिथे फौंड्र्या आहेत. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून, यंत्रांचे भाग बनवण्याचा कारखाना. इकडे ऊस, तिकडे भट्ट्या. असे आमचे गाव आहे.

रात्री आमच्या ओट्यावर साक्षरतेचा वर्ग भरतो. आम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पण खडू काही सुटला नाही. एकदा डिसेंबरात वर्ग चालू होता. समोरच्या घरावर कागदाची मोठी चांदणी टांगलेली होती. आत दिवा लागला होता. एका आज्जीनं ती पाहिली आणि विचारलं, “गुरुजी, ह्यो नाताळ म्हंजे गोऱ्या सायबाचा सण न्हवं? मग आपल्या गल्लीत कसा?”

आज्जींचा प्रश्न चांगला होता. प्रश्न मनात ठेवून कुजवण्यापेक्षा विचारलेला बरा. त्याचे उत्तर आम्ही इथे लिहून काढले आहे.

समोरचे घर एका मिस्त्रींचे आहे. ते फौंड्रीत साचे करायचे. आता मुलगा त्याच कामात आहे. घर ख्रिस्ती आहे. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते आणि आम्हाला मास्तर म्हणते. इथेही तेवढेच पुरे.

नाताळ म्हणजे काय?

नाताळ म्हणजे येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस. तो 25 डिसेंबरला असतो. रामनवमी हा रामाचा, गोकुळाष्टमी हा कृष्णाचा जन्मदिवस, तसाच हा.

नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतला आहे. त्याचा अर्थ जन्म. पोर्तुगीज लोक गोव्यात आले आणि त्यांचे शब्द मराठीत राहिले. तुम्ही म्हणाल, असे किती राहिले असतील? सकाळी आपण पाव खातो, बादलीत पाणी भरतो, कुलपाला चावी लावतो, घमेल्यात वाळू भरतो, बाजारातून बटाटा आणि कोबी आणतो, महिन्याला पगार घेतो. पाव, बादली, चावी, घमेले, बटाटा, कोबी, पगार हे सारे शब्द पोर्तुगीज लोकांकडूनच आपल्याकडे आले. ते आज परके वाटतात का? नाही ना? नाताळ हा शब्दही त्यांच्याच पंगतीतला.

आणखी एक गंमत पाहा. कॅलेंडरावर आपण साल वाचतो. त्याला इसवी सन म्हणतात. इसा हे येशूचेच एक नाव. त्याच्या जन्मापासून धरलेला सन तो इसवी सन. म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यावर आणि पगाराच्या कागदावर आपण रोज ज्या सालाची तारीख घालतो, ते साल या जन्मापासून मोजले आहे.

जन्म नेमका कोणत्या तारखेला झाला, हे बायबलात लिहिलेले नाही. बायबल हा ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ. रोम शहरात इसवी सन 336 साली 25 डिसेंबरला हा सण पाळला जात होता, असा जुना लेख आहे. पुढे तीच तारीख जगभर गेली.

जन्माची गोष्ट अशी आहे. योसेफ नावाचा एक सुतार होता. त्याची बायको मरिया. राजाने खानेसुमारीचा हुकूम काढला. प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे होते. मरियेचे दिवस भरत आले होते. तशातच दोघे बेथलेहेम गावी पोहोचले. गाव माणसांनी भरून गेले होते. धर्मशाळेत जागा मिळाली नाही. बाळ जन्मले, तेव्हा त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत निजवले. गव्हाण म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गोठ्यात ती आहेच.

या जन्माची बातमी आधी कोणाला कळली? राजाला नाही, सावकाराला नाही. रानात मेंढ्या राखत बसलेल्या मेंढपाळांना कळली. आपल्याकडे धनगर रानात मेंढरे बसवतात आणि रात्रभर राखण करतात, तसे ते होते. पुढे दूर पूर्वेकडचे काही ज्ञानी लोक एका ताऱ्याच्या मागाने चालत आले आणि त्यांनी बाळाचे दर्शन घेतले. म्हणून नाताळात दारावर चांदणी लावतात. आज्जींनी पाहिली ती चांदणी हीच.

लाल कपड्यांतला, पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा बायबलात नाही. निकोलस नावाचे एक धर्मगुरू चौथ्या शतकात मायरा गावी होऊन गेले. ते गाव आजच्या तुर्कस्तानात येते. एका गरिबाच्या तीन मुलींची लग्ने पैशावाचून अडली होती. निकोलस यांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी कथा सांगतात. पुढे त्यांचाच नाताळबाबा झाला. हुंडा तिथेही होता म्हणायचा!

घरातली तयारी

आता मिस्त्रींच्या घरात चला.

डिसेंबर लागला, की घर झाडून-पुसून घेतात. भिंतींना रंग देतात. मुले बांबूच्या कामट्या तासतात, पाच टोकांचा सांगाडा बांधतात, वर रंगीत कागद चिकटवतात. आपल्या आकाशकंदिलाचाच हा भाऊ. कामट्या बांधायला आमचा मुलगा तिकडे जायचा आणि दिवाळीला मिस्त्रींचा मुलगा इकडे यायचा. खळीचे हात दोघांच्याही चड्डीला पुसलेले असायचे.

कोपऱ्यात एक देखावा मांडतात. गवताचा गोठा, मातीची गाय, मेंढरे, गव्हाणीत बाळ. दिवाळीतला किल्ला आपण करतो, तेच हे काम. एका वर्षी बाळ सापडेना, तेव्हा मुलांनी किल्ल्यावरच्या मावळ्यांपैकी दोघांना मेंढपाळ म्हणून उभे केले. ढाल-तलवार घेतलेले मेंढपाळ पाहून सगळी गल्ली हसली. बाळ मग पिठाच्या डब्यात सापडले.

आणि फराळ? करंजी, चकली, शंकरपाळी, रव्याचे लाडू, चिवडा. सगळा दिवाळीचाच. पीठ, रवा, साजूक तूप घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, ही चालसुद्धा तीच. एक केक तेवढा वेगळा. पूर्वी घरी भट्टी नव्हती. तेव्हा मिस्त्रीबाई मोठ्या पातेल्यात वाळू घालायच्या, वाळूवर केकचे भांडे ठेवायच्या, वर झाकण ठेवून मंद आचेवर तासभर भाजायच्या. मिस्त्री म्हणायचे, “आमचा जल्म वाळूत गेला. सणाच्या दिवशी तरी ती वाळू डोळ्याआड करा की!”

फौंड्रीच्या भट्टीला सण कळत नाही. भट्टीत सुमारे 1400 अंश उष्णतेचा लोखंडाचा रस असतो. तो वेळेवर ओतावाच लागतो. मग मिस्त्रींना नाताळची सुटी कशी मिळायची? त्यांच्या खात्यातल्या लोकांनी आपसात ठरवून टाकले होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची पाळी मिस्त्री करायचे. ईदेची पाळी दुसरा कोणी करायचा. नाताळची पाळी बाकीचे उचलायचे. हे कुठल्या कागदावर लिहिलेले नव्हते. पण वर्षानुवर्षे चालले. सण साजरा करायला शेजाऱ्याची मदत लागते, ती अशी.

गाणी आणि उपासना

नाताळच्या आधी काही रात्री गाणाऱ्यांची टोळी घरोघर जाते. बरोबर पेटी, ढोलकी, झांजा. मंडळी येशूजन्माची गाणी म्हणतात. काही गाणी इंग्रजी चालीची, काही अस्सल भजनाच्या ठेक्यातली. डोळे मिटून ऐकले, तर आपल्या सप्ताहातलेच भजन वाटावे. गाणे झाले, की घरधनी चहा देतो आणि मंडळी पुढच्या घरी जाते.

‘मंडळी’ हा शब्द इथे ध्यानात ठेवा. एका देवळात जमणाऱ्या ख्रिस्ती समाजालाच ते मंडळी म्हणतात. त्यांच्या धर्मगुरूला पाळक म्हणतात. पाळक म्हणजे सांभाळणारा. प्रार्थनेला उपासना म्हणतात. सगळे शब्द आपल्या मराठीतले.

25 तारखेला सकाळी नवे कपडे घालून सगळे उपासनेला जातात. बायका नऊवारी-पाचवारी नेसून, केसांत गजरा माळून निघतात. उपासनेत बायबल वाचतात, गाणी होतात, पाळक उपदेश करतात. मुले जन्माचे नाटक करतात. घरी आल्यावर जेवण, आणि मग फराळाची ताटे गल्लीत फिरू लागतात. 31 डिसेंबरच्या रात्री पुन्हा उपासना असते. जुन्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानायचे आणि नवे वर्ष प्रार्थनेने सुरू करायचे.

हे लोक आले कुठून?

आज्जींचा अर्धा प्रश्न अजून राहिला. हा सण गोऱ्या साहेबाचा का?

सण बाहेरून आला, हे खरे. माणसे मात्र इथलीच. मिस्त्रींचे पणजोबा याच जिल्ह्यातले, याच मातीतले. त्यांचा धर्म बदलला; गाव, भाषा आणि भाकरी बदलली नाही.

1852 साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन पाद्री कोल्हापुरात आले. त्यांनी शाळा काढल्या आणि धर्माचा प्रचार केला. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे चर्च आजही आहे. पन्हाळा तालुक्यातल्या कोडोली गावी मिशनचा दवाखाना उभा राहिला. मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय सुरू केले. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, ती त्यांच्याच नावाची.

त्या काळी काही जणांना नवा धर्म मनापासून पटला. काही जण शिवाशिवीच्या जाचातून सुटका शोधत होते. गावची विहीर त्यांना बंद होती, देऊळ बंद होते, शाळाही बंद होती. ज्याला सगळी दारे बंद, तो उघड्या दाराने आत जाणार, यात नवल काय? मात्र धर्म बदलला म्हणून शिवाशिव लगेच सुटली असेही नाही. गाव त्यांना जुन्याच नजरेने पाहत राहिले. ती नजर कशी होती, ते पुढे सांगतो.

मराठी भाषेवर या लोकांचे उपकार आहेत. फादर स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले. ते मराठी शिकले. त्यांनी येशूची कथा ओव्यांत लिहिली. तो ग्रंथ ‘ख्रिस्तपुराण’. 1616 साली तो छापला गेला. पुढे पंडिता रमाबाईंनी सगळ्या बायबलाचे मराठी भाषांतर केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म घेतला आणि भजनाच्या चालीवर गाणी लिहिली. ती आजही मंडळीत गातात.

2011 च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार होते. म्हणजे शंभर माणसांत पुरता एकही भरत नाही. इतक्या थोड्या लोकांचा सण शेजारच्या घरी असतो, आणि त्याचा अर्थही आपल्याला माहीत नसतो. यात उणेपण कोणाचे?

गव्हाणीतली करंजी

आता आमच्याच घरची एक गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही. पण सांगितली पाहिजे.

साल 1967. आम्ही तिसरीत होतो. तेव्हा आम्ही वारणेच्या काठी आमच्या मूळ गावी राहत होतो. गावाच्या कडेला एक ख्रिस्ती गुरुजी राहायचे. त्यांचा मुलगा आमच्या वर्गात होता. दर नाताळला गुरुजींच्या घरून आमच्याकडे ताट यायचे. वर धुतलेला रुमाल, खाली करंज्या आणि लाडू. आमची आजी हसून ताट घ्यायची. “कशाला एवढं केलंस ग पोरी,” असं म्हणायची. पाहुणी वळली, की आजी ताट घेऊन गोठ्यात जायची आणि सगळा फराळ म्हशीपुढे ओतायची. मग ताट राखेने घासायची, त्यात मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा ठेवायची आणि परत धाडायची. ताट रिकामे पाठवू नये, अशी रीत. रीत आजीने कधी मोडली नाही.

आम्हाला यात काही वावगे वाटत नव्हते. घरात होते तेच बरोबर, असे लहानपणी वाटते.

त्या वर्षी गुरुजींचा मुलगा चेंडू शोधत आमच्या गोठ्यात शिरला. आम्ही मागोमाग गेलो. गव्हाणीत करंज्या पडल्या होत्या. त्याच्या आईने कडा दुमडून नक्षी केलेल्या करंज्या. म्हैस त्या खात होती. तो थोडा वेळ बघत राहिला. मग चेंडू उचलून म्हणाला, “चल, डाव राहिलाय.” एवढंच. आम्हीही काही बोललो नाही.

पुढच्या नाताळला ताट आले नाही. आजी दोनदा दाराकडे बघून म्हणाली, “औंदा इसरली वाटतं.” नंतर गुरुजींची बदली झाली. तो मुलगा आम्हाला पुन्हा भेटला नाही.

आजी वाईट नव्हती. दुष्काळात तिने दारात आलेल्या कोणालाही उपाशी जाऊ दिले नाही. देताना तिचा हात मोठा होता. घेताना मात्र तो आखडत असे. दुसऱ्याला खायला घालणे सोपे असते, कारण त्यात आपण वर असतो. दुसऱ्याच्या हातचे खाणे अवघड. तिथे बरोबरीने बसावे लागते.

ही गोष्ट कोल्हापूरच्या राजाला चांगली ठाऊक होती. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 साली मागासलेल्या जातींसाठी नोकरीत शंभरातल्या पन्नास जागा राखल्या. सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांना आधार दिला. पण कायदा पानाला पुरतो, मनाला पुरत नाही, हे त्यांना कळत होते. राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे हे नोकर होते. ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचे दुकान काढायला मदत केली. पण गिऱ्हाईक येईना. त्यांच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवू लागले. स्वतः चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या लोकांनाही पाजू लागले.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्टही अशीच. नवरा ख्रिस्ती झाला, तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. नवऱ्याच्या घरी राहायला आल्यावरही त्या आपला स्वयंपाक वेगळा करायच्या. पुढे पुष्कळ विचार करून त्यांनी जातिभेद मनातून काढून टाकला आणि कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. त्यांनी हे सारे ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात न लपवता लिहिले आहे. त्यांना लिहाय-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवले, हेही वर्गातल्या बायाबापड्यांनी ध्यानात ठेवावे. मोठेपणी शिकलेली बाई केवढे पुस्तक लिहिते पाहा!

2008 सालचा गुरुवार

2008 साली 25 डिसेंबरला गुरुवार आला. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आमच्या घरी लक्ष्मीचा घट मांडलेला, सौभाग्यवतीचा उपास. समोर नाताळ.

दुपारी मिस्त्रीबाई ताट घेऊन आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. म्हणाल्या, “वहिनी, तुमचा आज गुरुवार हाय, म्हाईत हाय मला. ह्यात केक न्हाई, अंड्याचं काही न्हाई. सकाळी न्हाऊन साजूक तुपात येगळं केलंय. रात्री उपास सोडताना खावा.”

ताटावर धुतलेला रुमाल होता. रुमाल उचलला तर खाली करंज्या, कडा दुमडून नक्षी केलेल्या. आम्हाला एकदम गोठा आठवला. आम्ही तिथेच, सौभाग्यवतीच्या आधी, एक करंजी उचलून खाल्ली. मिस्त्रीबाई हसल्या. म्हणाल्या, “मास्तरांना दम न्हाई निघाला!”

रात्री मिस्त्री बसायला आले. आम्ही त्यांना 1967 सालची सगळी गोष्ट सांगितली. एकेचाळीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. वाटले होते, त्यांना राग येईल. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मास्तर, तुमच्या आज्जीला कशाला नावं ठेवायची? आमच्या घरात बी तसंच चाललंय. उसाच्या फडावर बीडकडची टोळी उतरलीय. त्यांची पोरं पाणी मागाय येत्यात. आमची म्हातारी वरनं ओतती. तांब्या हातात देत न्हाई. आम्ही सोसलं ते आम्हीच इसरलो.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी म्हातारीला समजावले की काय केले, ते आम्हाला ठाऊक नाही. संध्याकाळी मिस्त्रींचा मुलगा आणि आमचा मुलगा दोन ताटे घेऊन फडाजवळच्या खोपींकडे गेले. एकात नाताळचा फराळ, दुसऱ्यात आमचा गुरुवारचा प्रसाद आणि फळे. ताटे परत आली ती रिकामी नव्हती. टोळीतल्या एका बाईने चार बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी धाडली होती.

भाकरी ओट्यावर ठेवल्या. सगळे मिस्त्रींच्या म्हातारीकडे बघू लागले. म्हातारीने एक भाकरी उचलली, हुंगली आणि म्हणाली, “चुलीवरची हाय. चांगली भाजलीया.” मग तुकडा मोडून चटणीला लावला. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

आपण काय करावे?

मोठे काही करावे लागत नाही. शेजारी ख्रिस्ती घर असेल, तर 25 डिसेंबरला दारात जाऊन म्हणावे, “नाताळच्या शुभेच्छा.” फराळ दिला तर तिथेच बसून एक घास खावा. एखादा पदार्थ चालत नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. अपमान होतो तो हसून घेण्याने आणि मागल्या दारी टाकून देण्याने. ईदेला शीरखुर्मा आला, बौद्ध घरून धम्मचक्र दिनाची खीर आली, तरी हेच करावे. आपल्या सणाचे ताट मुलांच्या हाती पाठवावे. मुले रस्ता लवकर शिकतात.

आता आज्जींना उत्तर देऊ. आज्जी, नाताळ ज्याच्या घरी असेल त्याचा सण. ते घर आपल्या गल्लीत आहे, म्हणून तो गल्लीचाही सण. त्या रात्री वर्ग सुटल्यावर आज्जी मिस्त्रींच्या दारापुढे थांबल्या. मान वर करून चांदणी पाहिली आणि दारावरच्या पाटीवरचे नाव एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचले. आतून मिस्त्रीबाईंनी हाक दिली, “कोन हाय? आत या की, मावशी!”

वाचा आणि उत्तरे सांगा

1. नाताळ या शब्दाचा अर्थ काय? तो मराठीत कोठून आला?
2. येशूच्या जन्माची बातमी आधी कोणाला कळली?
3. शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या दुकानात चहा का पीत असत?
4. गुरुजींच्या मुलाने गोठ्यात काय पाहिले? तो घरी काही बोलला असेल का? तुम्हाला काय वाटते?
5. तुमच्या गल्लीत अशी किती घरे आहेत, जिथून आलेले ताट तुमच्या घरात खाल्ले जात नाही? हे उत्तर वर्गात सांगितले नाही तरी चालेल. घरी गेल्यावर स्वतःला सांगा.